मास्तरांची ‘आमची ही’

बायको आपल्याला सोडून जाणार आहे हे मास्तरांना ज्या क्षणी कळलं, त्याच क्षणी ते मला, प्लंबरला आणि मॅनेजरसाहेबांनाही कळलं. आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या होड्यांत होतो आणि मास्तर त्यांच्या होडीत, तलावाच्या पार मध्यावर. हाक मारली तरी पोचणार नाही एवढं अंतर. तरी आम्ही शब्द न् शब्द ऐकला. अजूनही कुणी गिऱ्हाईक ‘काय ताई, रविवारी तलावावर मजा असेल’ असं म्हणालं की मी घाईने विषय बदलते.

आधी मास्तर कोण ते सांगते, नाहीतर मी का हादरले ते कळायचं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, मोटार शिकवणारे. त्यांच्या गाडीला दोन ब्रेक, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक मास्तरांच्या. आठवडाभर शेजारच्या सीटवर बसून हा माणूस ओरडत असतो, “क्लच! क्लच म्हणतोय मी, हा ब्रेक झाला!” आमच्या भागात गाडी चालवणारी निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. मीही त्यातलीच. आजही गाडी मागे घेताना माझ्या कानात त्यांचा आवाज येतो, “ताई, आरसा केस सारखे करायला दिलेला नाही.” आवाज असा की भर रस्त्यात काचा वर असल्या तरी बाहेरच्याला धडा मिळायचा. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना भोंगा म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांना ते आवडायचंही.

त्यांची होडी त्यांच्या गाडीसारखीच पिवळी. मागे छोटं इंजिन, आणि बाजूला लाल अक्षरांत लिहिलेलं ‘शिकाऊ’. पोहता मात्र येत नव्हतं. जॅकेटचे सगळे पट्टे आवळून बसायचे आणि वर आम्हालाच पाण्याचे नियम शिकवायचे.

आमची टोळी छोटी. प्लंबरची होडी गळकी. दुसऱ्यांच्या घरचं पाणी थांबवण्यात जन्म गेला, स्वतःच्या होडीकडे बघायला वेळ कुठे, असं म्हणत तो कापलेल्या डब्याने पाणी उपसत असतो. मॅनेजरसाहेब बँकेतून निवृत्त झालेले, त्यांची शिडाची होडी. वारा आला की त्यांचा दोर अडकतो, आणि दोर सुटला की वारा गेलेला असतो. माझी साधी वल्ह्यांची. आठवडाभर औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून पाठ धरते, ती रविवारी वल्ही मारून सुटते. आमचे हे येत नाहीत. ते पाण्याला इतके घाबरतात की भरलेल्या बादलीलाही वळसा घालून जातात.

वॉकीटॉकी आणले मॅनेजरसाहेबांनी, प्रत्येक होडीत एक. एकदा प्लंबरची होडी अर्धी भरली आणि त्याच्या बोंबा कुणाला ऐकू गेल्या नाहीत, तेव्हापासून नियम केला की पाण्यावर असेपर्यंत वॉकी बंद करायचा नाही. ते यंत्र अगदी साधं आहे. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एकजण बटण दाबून बसला की बाकीच्यांना काही बोलता येत नाही, नुसतं ऐकायचं. जिवावर बेतलं तर उपयोगी पडावेत म्हणून आणलेले ते वॉकी आम्ही गप्पा मारून मारून झिजवले. प्लंबरचा जावई, माझ्याकडे येऊन ‘ती पांढरी गोळी द्या’ म्हणणारी गिऱ्हाइकं, मॅनेजरसाहेबांचा न येणारा वारा, सगळं त्यावर.

“मास्तर, कुठे आहात?”

“पाण्यावर. जमिनीवर मला विचारतं कोण?”

“साहेब, वारा आला का?”

“निघालाय म्हणतात. वाटेत असेल.”

“ताई, होडी लागते त्यावर काही औषध आहे का?”

“आहे. जमीन.”

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे मास्तरांची ‘आमची ही’. दर रविवारी त्यांच्याकडे बायकोचा नवा किस्सा असायचाच. होडी घेतली तेव्हा म्हणे ही म्हणाली, “तुम्हाला पोहता येत नाही, मला रडता येत नाही, तेव्हा जरा जपून.” प्लंबरची होडी गळायला लागली की म्हणे ही म्हणते, “गळक्या घरात प्रत्येक भांड्याचा सूर वेगळा लागतो, बेसूर तेवढे तुम्हीच.” आम्ही हसून हसून लोळायचो. मास्तर काही सांगायचे थांबले तर आम्हीच विचारायचो, “वहिनी काय म्हणाल्या?” आणि वहिनी काहीतरी म्हणालेल्या असायच्याच. आमच्यातल्या कुणीही त्यांना बघितलेलं नव्हतं, पण मला त्या सख्ख्या मैत्रिणीसारख्या वाटायच्या. एकदा तर आमच्या ह्यांनी काही बोलल्यावर मी वहिनींचं वाक्य त्यांच्या तोंडावर फेकलं होतं, आणि ते चांगलंच लागलंही होतं.

ते सगळं ऐकलं त्याच्या आदल्या रविवारचा किस्सा तर अगदी बहारीचा. मास्तर म्हणाले, “आमची ही परवा म्हणते कशी, तुम्ही घोरता तेव्हा निदान घरात कुणी बोलतंय असं वाटतं!” प्लंबर एवढा हसला की त्याचा डबाच पाण्यात गेला, आणि तो काढायला वाकला तर होडी कलंडायची बाकी राहिली. मॅनेजरसाहेब वॉकीवरून म्हणाले, “मास्तर, वहिनींना एकदा आणाच. वारा नाही तर नाही, निदान त्या तरी येऊ देत.”

आणि त्या आल्या.

रविवारी सकाळी धक्क्यावर पोचले तर मास्तरांच्या पाठीमागे एक लहानखुरी बाई उभी, हातात पर्स घट्ट धरलेली. मास्तरांचा चेहरा गोंधळलेला. “ही सकाळी म्हणाली, मी येते,” एवढंच बोलले. मी तर मिठीच मारायची बाकी ठेवली होती. प्लंबर उपसायचा डबा हातात घेऊनच धावला.

“वहिनी! घोरण्याचं भारीच बोललात हो! आठवडाभर मी आमच्या घरात तेच सांगत सुटलोय.”

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. “कुठलं घोरणं?” त्यांनी विचारलं.

“अहो तेच, घरात कुणी बोलतंय असं वाटतं ते!”

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर दोर सोडवण्यात गुंतले. मॅनेजरसाहेब म्हणाले, “आणि ते पोहता येत नाही, रडता येत नाही! मी डायरीत लिहून ठेवावं म्हणतो.” त्या हसल्या नाहीत. मीही काहीतरी बोलले, भांड्यांच्या सुरांवरून, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसले की आता एखादं टोचरं उत्तर येईल. उत्तर आलं नाही. पहिल्यांदाच भेटतायत, लाजत असतील, अशी मी मनाची समजूत घातली. दिव्याखाली अंधार असतो हे आपल्याला तोंडपाठ असतं, पण दिवा समोर असला की खाली बघायचं कुणाला सुचतं?

मास्तरांनी त्यांना जॅकेट घातलं, सगळे पट्टे आवळले, होडीत मधल्या फळीवर बसवलं. पाण्याचा कॅन त्यांच्या पायाशी ठेवला. आपला वॉकी नेहमीसारखा फळीवर टाकला. तो कॅन आणि फळी यांच्या फटीत घसरला असणार, आणि त्याचं बटण दाबलं जाऊन तिथेच रुतून बसलं असणार. असं आमच्याही हातून झालंय. एकदा मॅनेजरसाहेब वॉकीवरच बसले होते आणि आम्ही अर्धा रविवार त्यांचं गुणगुणणं ऐकलं होतं. त्यामुळे सुरुवातीला वॉकीतून नुसती घरघर यायला लागली तेव्हा मला हसूच आलं. आज कुणाची पाळी, म्हटलं.

मग वहिनींचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

“इंजिन बंद करा.”

“का गं?” हे मास्तर.

“बंद करा. बोलायचंय.”

घरघर थांबली. होडीला लागणाऱ्या पाण्याचा चुबुक चुबुक आवाज ऐकू यायला लागला.

“घरी बोलू की,” मास्तर म्हणाले.

“घरी तुम्ही उठून जाता. गॅलरीत जाता, नाहीतर टीव्ही लावता. इथून कुठे जाल? पोहता तर येत नाही.”

मी होडीत एकटीच खळखळून हसले. आल्या बाई आपल्या वहिनी, म्हटलं. किश्शातल्या अगदी जशाच्या तशा. आता मास्तरांची कशी चंपी होते ते ऐकायचं म्हणून मी वल्ही आत घेतली आणि आवाज वाढवला.

“बुधवारी मी मोठीकडे जातेय,” त्या म्हणाल्या. मोठी म्हणजे त्यांची बहीण.

“जा की. चार दिवस बरं वाटेल.”

“चार दिवस नाही. राहायला जातेय. परत यायचं नाही.”

माझं हसू तोंडातच राहिलं. आधी वाटलं, चेष्टा चाललीय, आता त्या काहीतरी पुढचं बोलतील आणि मास्तर ओरडतील, ऐकलंत का मंडळी! कुणी ओरडलं नाही. मी माझ्या वॉकीचं बटण दाबलं. “मास्तर, तुमचा वॉकी चालू आहे! मास्तर!” उपयोग शून्य. त्यांचं बटण दाबलेलं, त्यामुळे माझा आवाज कुणाकडेच जात नव्हता. लांबवर प्लंबर उभा राहून हात हलवताना दिसला. मग त्याने जॅकेटला बांधलेली शिट्टी जोरजोरात फुंकली. त्या शिट्टीचा आवाज मला दोनदा ऐकू आला, एकदा पाण्यावरून आणि एकदा माझ्याच वॉकीतून, बारीक.

“कोण शिट्टी वाजवतंय?” वहिनींनी विचारलं.

“प्लंबर असेल. पुन्हा पाणी भरलं वाटतं.”

एवढंच मास्तर बोलले. बायको म्हणते जाते, आणि या माणसाला प्लंबरच्या पाण्याबद्दल बोलता येतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वल्ही मारत त्यांच्याकडे जाता आलं असतं. निघालेही. चार हात मारले आणि थांबले. वाटलं, आता हा माणूस तोंड उघडेल आणि मी मध्येच जाऊन टपकेन, मग तो पुन्हा विनोद करायला मोकळा. मॅनेजरसाहेबांचं शीड तर सुकायला टाकलेल्या चादरीसारखं लोंबत होतं. त्या दिवशी खरोखरच वारा नव्हता. वॉकी बंद करायला हवा होता म्हणाल, तर नियम नियमाच्या जागी. खरं सांगायचं तर तेव्हा कुणाचाच हात त्या खटक्याकडे गेला नाही.

आम्ही वाट बघत होतो. आठवडाभर ओरडणारा, रविवारभर बडबडणारा माणूस. त्याच्या जिभेला हाड नाही असं आम्हीच म्हणायचो. पण वॉकीतून नुसतं पाणी ऐकू येत होतं.

“बघा,” वहिनी म्हणाल्या. “आत्ताही नाही.”

पुन्हा पाणी.

“ते घोरण्याचं मी तुम्हाला अंथरुणात म्हटलं होतं. तुम्ही कूस बदललीत. मला वाटलं झोपलात.”

“जागा होतो,” मास्तर म्हणाले.

“ते मी हसायला म्हटलं नव्हतं.”

त्या वाक्यावर आम्ही किती हसलो होतो! प्लंबरने ते घरी सांगितलं, मी दुकानात सांगितलं, आमच्याकडे माल पोचवणाऱ्यालासुद्धा सांगितलं. एक बाई अंधारात आपल्या नवऱ्याला जे म्हणाली ते आम्ही गावभर वाटून आलो होतो, आणि वर तिच्याच तोंडावर तिला शाबासकी दिली होती.

“आणि बाकीचं?” त्या विचारत होत्या. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच जास्त त्रास होत होता. “रडता येत नाही, पोहता येत नाही. भांड्यांचा सूर. ही कोण बाई आहे? तुम्ही मनाने रचता आणि माझ्या नावावर खपवता. ती माणसं माझ्याकडे बघत होती, पण शोधत तिला होती. चार माणसं तिला ओळखतात. मला कोण ओळखतं?”

हेही खरंच होतं. मीही त्यांच्या तोंडाकडे बघत तिलाच शोधत होते. आणि आता कळत होतं की अशी कुणी बाई नव्हतीच. मास्तरांनी आम्हाला इतकी वर्षं थापा मारल्या. मी त्या पिवळ्या होडीकडे बघून मोठ्याने शिवी हासडली. पाण्यावर कुणाला ऐकू जाणार होती?

“रचत नाही मी,” मास्तर म्हणाले.

त्यांचा असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. इतका हळू की मी वॉकी कानाला लावला.

“सगळं तुझंच आहे. स्कूटर घेतली तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘तुम्हाला ब्रेक लावता येत नाही, मला रडता येत नाही.’ मी ब्रेकच्या जागी पोहणं घातलं, एवढंच. भांड्यांचं तू त्या भाड्याच्या खोलीत म्हणालीस. छप्पर गळत होतं. तू खोलीभर भांडी मांडली होतीस, मी गाणं म्हणायला लागलो, तेव्हा.”

“मी म्हटलं होतं हे?”

“हो.”

“मला आठवत नाही.”

“मला आठवतं. सगळं आठवतं.”

मी वॉकी मांडीवर ठेवला. काय वाटून घ्यावं तेच कळेना. आत्ताच ज्याला शिवी दिली त्या माणसाने बायकोचं एकेक वाक्य तरुणपणापासून जपून ठेवलं होतं, आणि ते तिला सोडून बाकी सगळ्या जगाला ऐकवलं होतं. कुणाची कीव करावी? कुणावर चिडावं? मी दोघांवरही चिडले, आणि मग स्वतःवर, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं.

वॉकीतून वहिनींचा आवाज आला. “मग ती बाई बोलायची थांबली हे तुम्हाला कळलं होतं?”

“कळलं होतं.”

“विचारलं का नाहीत?”

“दिवसभर बोलून बोलून घरी आलो की तोंड उघडावंसं वाटत नसे. उद्या बोलू, म्हणायचो. मग फारच दिवस झाले. मग वाटायला लागलं, आता एकदम काय बोलायचं? लाज वाटायला लागली.”

“लाज? बायकोशी बोलायची?”

“हो.”

“म्हणजे तुमच्या मित्रांना मी मिळाले,” त्या म्हणाल्या, “आणि मला कोण मिळालं?”

कॅन सरकवल्याचा आवाज आला, बहुतेक त्यांनी पाणी पिण्यासाठी उचलला, आणि खट्‌कन सगळं बंद झालं. बटण सुटलं. आता आमच्यापैकी कुणालाही बोलता आलं असतं. कुणीही बोललं नाही. मग पिवळ्या होडीचं इंजिन सुरू झालं आणि ती धक्क्याकडे वळली.

आम्ही तिघं धक्क्याच्या बाजूला होतो, म्हणून त्यांच्या आधी पोचलो. मॅनेजरसाहेब तर हातात मिळेल ती फळी घेऊन वल्हवत आले, शर्ट भिजून चिंब. प्लंबरच्या तोंडचं पाणी पळालेलं.

“काही ऐकलं नाही असंच वागायचं,” मॅनेजरसाहेब कुजबुजले. “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ कुठे झाकलीय, साहेब?” मी म्हटलं. “चांगला पंजा पसरलाय.”

“पण ताई, त्यांना कसं वाटेल?”

“आणि आपण ऐकूनही पुढच्या रविवारी हसत बसलो तर? मला नाही जमायचं.”

होडी लागली. मी हात दिला, वहिनी वर आल्या. त्यांचा हात गार होता. मी सरळ सांगून टाकलं, “वहिनी, तुमच्या होडीतला वॉकी चालू राहिला होता. आम्ही ऐकलं. थांबवायचा प्रयत्न केला, पण ऐकलं.”

मास्तरांनी खाली वाकून फटीतला वॉकी काढला आणि त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. प्लंबर शिट्टीशी चाळा करत मान खाली घालून उभा. मला वाटलं आता त्या माझ्या थोबाडीत मारतील, आणि मारली असती तरी मी गाल मागे घेतला नसता.

“सगळं ऐकलंत?” त्यांनी विचारलं.

“सगळं.”

त्यांनी एकेकाकडे पाहिलं. मग जॅकेटचे पट्टे सोडायला लागल्या. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “मी बोलले याला साक्षीदार तरी आहेत. नाहीतर उद्या मलाच वाटलं असतं, मनातल्या मनात बोलले.”

तेव्हा मास्तर, एक पाय होडीत आणि एक धक्क्यावर, हातात तसाच दोर, सगळ्यांच्या देखत म्हणाले, “नको जाऊस.”

प्लंबरने मान वर केली. माझ्या मनात आलं, संपलं, मिटलं, आता या रडतील आणि सगळं ठीक होईल.

वहिनींनी जॅकेट घडी करून फळीवर ठेवलं. “हे यांच्यासमोर म्हणालात,” त्या म्हणाल्या. “यांच्यासमोर तुम्हाला सगळंच जमतं. घरी म्हणा. स्वयंपाकघरात, मी एकटी असताना.”

आणि त्या गाडीकडे चालायला लागल्या.

पुढचे दोन दिवस माझं दुकानात लक्ष नव्हतं. एकाला खोकल्याऐवजी पोटाचं औषध देणार होते, त्यानेच बाटली वाचली म्हणून वाचले. मंगळवारी प्लंबर आला, कारण विचारलं तर म्हणाला डोकं दुखतंय, पण गोळी न घेताच उभा राहिला.

“म्हणतील ना हो मास्तर?”

“दोन तर शब्द आहेत,” मी म्हटलं. “एवढेही जमत नसतील तर मीच जाऊन त्यांच्या कानाखाली आवाज काढते.”

“म्हणाले की मग वहिनी थांबतील.”

“थांबतील,” मी अगदी ठामपणे सांगितलं. माझी खात्रीच होती. मास्तरांनी तोंड उघडावं, एवढ्यावरच सगळं अडलेलं आहे असं मी धरून चालले होते.

माझं दुकान बसस्थानकाच्या समोर. बुधवारी शटर वर केलं आणि काउंटर पुसतेय तर समोर वहिनी. खांद्याला पर्स, पायाशी मोठी बॅग.

“बस लागते मला,” त्या म्हणाल्या. “एक गोळी द्या.”

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. “म्हणाले नाहीत?” मी विचारलं. मला इतका राग आला होता की आवाज फाटला. “दोन शब्द म्हणाले नाहीत तुम्हाला?”

“म्हणाले ना. रविवारीच. मी भांडी घासत होते, मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले.” त्या जरा हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. “मग बसले आणि बोलले. सोमवारी कामावर गेले नाहीत, तेव्हाही बोलले. कालही. छान बोलतात हो. तुम्ही सगळे का हसता ते कळलं.”

मी चक्रावले. “मग ही बॅग कशाला?”

“स्कूटरबद्दल बोलले,” त्या म्हणाल्या. “त्या खोलीबद्दल बोलले. मी तेव्हा काय म्हणायचे, कशी चालायचे, कुणाला कशी गप्प करायचे. इतकं सगळं त्यांच्या लक्षात आहे. मी ऐकत बसले. एकदाही विचारलं नाही की आता तू कशी आहेस.”

काउंटरच्या अलीकडे उभं राहून मी लोकांना दिवसभर हेच विचारते, आता कसं आहे, कालच्यापेक्षा बरं आहे का. हे विचारायचं कुणी विसरू शकतं, आणि तेही एवढं बोलून, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पाकिटातून दोन गोळ्या कापून पुढे केल्या. एक जातानाची, एक येतानाची, सगळ्यांना देते तशा सवयीने.

त्यांनी एक उचलली. “परतीची राहू द्या. लागली तर तिकडे मिळेल.”

बाहेर मास्तर उभे होते. माझ्याकडे न बघता त्यांनी बॅग उचलली आणि दोघं रस्ता ओलांडून गेले. बॅग बसमध्ये ठेवून ते खाली उतरले. वहिनी खिडकीशी बसल्या, त्यांनी काच सरकवली. मास्तर खिडकीखाली उभे राहून बोलायला लागले. हात हलत होते, मान हलत होती, बोलणं थांबतच नव्हतं. दुकानाच्या दारातून मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. वहिनी ऐकत होत्या. चेहरा तसाच, धक्क्यावर होता तसा.

ड्रायव्हरने बस सुरू केली. मास्तर एकदम थांबले. हात खाली आले. मग त्यांनी वर बघून काहीतरी विचारलं, दोन-तीन शब्दांत. वहिनी खिडकीतून वाकल्या आणि उत्तर देऊ लागल्या. चांगलं लांबलचक उत्तर होतं. त्यांचे ओठ हलताना मला इथून दिसत होते. मास्तर ऐकण्यासाठी बसबरोबर चालत होते. उत्तर संपायच्या आत बस फाटकातून बाहेर पडली.